डब्बीचं टोपडं

पंजाबरावांनी उभ्या आयुष्यात मोजक्याच गोष्टींपुढे हात टेकले होते, आणि त्यातली सगळ्यात ताजी गोष्ट तळहातावर मावेल एवढी होती. तीस वर्षं त्यांनी वीज मंडळात लाइनमन म्हणून काढली. अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली खांबाला पाठ टेकून त्यांनी भाकर खाल्ली होती. असल्या माणसाला टीव्हीच्या मागे ठेवलेल्या एका काळ्या डब्बीने महिन्याभरात जेरीस आणलं. आणि ती डब्बी वीज खात होती किती, तर झिरोच्या बल्बाहूनही कमी.

डब्बी आणली होती माधवीने. माधवी त्यांची एकुलती एक मुलगी. अकोल्याच्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. संक्रांतीला अमरावतीला आली तेव्हा पर्समधून ही डब्बी काढून तिने बापाच्या हातावर ठेवली.

"हा कॉम्प्युटर हाये, बाबा."

"एवढासा?"

"एवढासाच."

"मंग तुमच्या कॉलेजातले ते मोठाले डब्बे काय शोभेले ठेवले?"

माधवी हसली. तिने डब्बीची एक वायर टीव्हीला जोडली, दुसरी भिंतीतल्या बटणाला. टीव्हीच्याच रिमोटवर सगळं चालायचं. "हिले बंद करू नका," तिने सांगितलं. "पंखा नाही, आवाज नाही, बिल नाही. फक्त मोकळी राहू द्या." पंजाबरावांनी मान डोलावली. थकलेला माणूस डोलावतो तशी, म्हणजे अर्धं ऐकून.

डब्बीत भजनं होती, जुनी गाणी होती. पण आणली होती ती वेगळ्याच कामासाठी. नव्याण्णव सालच्या मे महिन्यात माधवीचं लग्न वलगावात, त्यांच्या गावच्या घरापुढे मांडव टाकून झालं होतं. त्याची तीन तासांची व्हिडिओ कॅसेट पेटीत पडून होती. तिला बुरशी लागली होती. माधवीने अकोल्यात कुणाकडून तरी ती पुसून, वाचवून या डब्बीत भरून आणली, आईसाठी.

तिची आई, सत्यभामा, गेली तीन वर्षं विसरत चालली होती. आधी गॅसवरचं दूध विसरली, मग शेजाऱ्यांची नावं, मग वार, मग नवरा. पंजाबरावांना ती आता 'भाऊ' म्हणायची. पन्नास वर्षं संसार करून शेवटी बायकोचा भाऊ व्हावं, हे पंजाबरावांना पहिल्यांदा फार लागलं. एक दिवस ते न्हाणीघरात नळ सोडून रडलेसुद्धा. मग सवय झाली. भाऊ तर भाऊ. दिवसातून वीसदा ती दारापाशी जाऊन विचारायची, "वलगावले कवा निघाचं, भाऊ?" आणि वीसदा ते सांगायचे, "ऊन उतरलं की."

लग्नाचा तो व्हिडिओ लागला की मात्र सत्यभामाबाई गप बसायच्या. मांडी घालून, पदर सावरून, लग्नघरी बसावं तशा. पडद्यावरच्या हिरव्या शालूतल्या बाईला, म्हणजे स्वतःलाच, त्या ओळखायच्या नाहीत. पण त्या बाईवर त्यांचा मोठा जीव होता.

"ही बाई लय कामाची हाये," त्या म्हणायच्या.

"हाव," पंजाबराव म्हणायचे. "लयच कामाची होती."

नवरीला मात्र त्या दर वेळी ओळखायच्या. माही माधवी, माही माधवी, करत टीव्हीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायच्या. खरी माधवी घरी आली की तिला पाहुणी समजून विचारायच्या, तुमी कोणाच्या घरच्या जी?

दुपारी दोन ते पाच व्हिडिओ चालायचा. त्या तीन तासांवर पंजाबराव जगत होते म्हटलं तरी चालेल. सकाळी बायकोला आंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, गोळ्या द्यायच्या, एक घास भरवायला तीन गोष्टी सांगायच्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे सगळं करताना कंबर दुखते हे खरं, पण कंबरेचं काही नाही. थकवा होता तो सतत कान टवकारून राहण्याचा. दाराची कडी वाजली का, नळ सुरू झाला का. दुपारी मांडवातली सनई सुरू झाली की ते आतल्या खोलीत आडवे व्हायचे, आणि कान तेवढे बंद करायचे.

मेच्या सुरुवातीला व्हिडिओ अडकायला लागला.

पहिली चाळीस मिनिटं सुरळीत. हळद व्हायची, वरात यायची, सीमांतपूजन व्हायचं. मग नवरानवरी पाटावर उभी राहायची, मधे अंतरपाट धरला जायचा, आणि तिथे चित्र गचके खायला लागायचं. भटजींचा आवाज पुढे, तोंड मागे. मग सगळंच थिजायचं. नवरा तिकडे, नवरी इकडे, मधे अंतरपाट. लग्न काही लागायचं नाही. पहिल्या दिवशी सत्यभामाबाई नुसत्या पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुहूर्त टयून राहिला, भाऊ." तिसऱ्या दिवसापासून त्या उठून येरझारा घालायला लागल्या, आणि पंजाबरावांची दुपार गेली.

त्यांनी त्यांना येत होते तेवढे उपाय केले. बटण बंद करून चालू केलं. टीव्हीला बाजूने दोन चापट्या मारल्या, जुन्या टीव्हीला लागू पडायच्या म्हणून. टेस्टर लावून पाहिला. वीज व्यवस्थित होती. सकाळी भजनं बिनतक्रार वाजत होती. गाडं अडायचं ते रोज अंतरपाटाशीच. म्हणजे कॅसेटची बुरशी नेमकी तेवढ्या जागी खोल गेली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. टीव्हीच्या कोपऱ्यात हल्ली एक लहानसं थर्मामीटर दिसायला लागलं होतं. ते पाहून मात्र त्यांना लेकीचं कौतुक वाटलं. डब्बीत तिने हवामानाचीही सोय केलेली दिसते! अमरावती पंचेचाळीसवर गेलीये हे सांगायला खरं तर डब्बीची गरज नव्हती, ते अंगणातली फरशीही सांगत होती.

माधवीला फोन करून विचारलं असतं तर गोष्ट पाच मिनिटांची होती. पण पंजाबरावांनी विचारलं नाही, आणि त्याला कारण होतं.

माधवी दोनदा म्हणाली होती, दुपारच्या वेळी एक बाई ठेवा. दोन्ही वेळा यांचं उत्तर एकच, माह्या बायकोले मी पुरे हाओ. मग एकदा तिने निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, आई एकदा जरी एकटी गेटबाहेर गेली, तर मी विचारणार नाही. गाडी घेऊन येईन अन् दोघांनाही अकोल्याले घेऊन जाईन." तिचं काही चुकत नव्हतं. पण गेल्या दिवाळीत आठ दिवस अकोल्याला राहून झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सत्यभामाबाई आठही दिवस कपड्यांची पिशवी काखेत धरून दारापाशी उभ्या होत्या. ना धड झोपल्या, ना जेवल्या. अमरावतीच्या घरात त्यांना नवरा आठवत नव्हता, पण तुळस कुठे आहे ते आठवत होतं, नळ कुठे आहे ते आठवत होतं. तेवढंच शिल्लक होतं बिचारीचं. तेही सोडवलं तर ही बाई राहायची नाही, असं पंजाबरावांना वाटायचं. म्हणून रोज संध्याकाळी फोनवर ते म्हणायचे, "सगळं बरोबर हाये." झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली एका बुधवारी.

त्या दुपारी व्हिडिओ लावून पंजाबराव उशाला टेकले आणि त्यांना गाढ झोप लागली. आदल्या रात्री बायको चारदा उठली होती. त्यांना जाग आली ती गेटच्या आवाजाने. बाहेर आले तर कौशल्याबाई उभी. ही वलगावची माळीण, रोज सकाळी कॉलनीत भाजी विकते आणि माल संपला की कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली गावच्या ऑटोची वाट पाहत बसते. तिने सत्यभामाबाईंचा हात धरला होता. सत्यभामाबाईंच्या पायात कौशल्याबाईच्या चपला होत्या. कौशल्याबाई त्या तापल्या डांबरावरून अनवाणी आली होती.

"पंजाबरावजी, वयनीचे पाय पाहा," ती म्हणाली. "चौकातून आल्या, बिनाचपलेच्या. मले इचारून राह्यल्या, भटजी पाह्यले का बाई, मुहूर्त टयते म्हणून. म्या म्हणलं, चाला, दाखवतो भटजी. तवा आल्या."

पंजाबराव बायकोला धरून आत घेऊन आले. त्यांनी तिला पाटावर बसवलं, पाय पाण्यात ठेवले. दोन्ही तळव्यांना फोड येत होते. कौशल्याबाईने अंगणातून कोरफडीचं पान तोडून आणलं, गर काढून दिला आणि चपला घालून गेली. तिला बस म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. टीव्हीवर अजून अंतरपाट धरलेलाच होता.

आता लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. चार वाजता त्यांनी माधवीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. अडकणारा व्हिडिओ, गेट, चौक, फोड. मग माधवी म्हणाली, "थांबा. डब्बी चालूच राहू द्या. मी इकडून पाहते."

"अकोल्यातून?"

"दिसते इकडून. थांबा." आणि थोड्या वेळाने, "बाबा, डब्बी चौऱ्यांशी डिग्रीवर हाये."

"असीन. अमरावतीच पंचेचाळीसवर हाये."

"तरी एवढी तापाले नाही पाह्यजे. टीव्हीवर थर्मामीटर नाही दिसत का तुमाले?"

"दिसते ना. पंधरा दिवसांपासून दिसते. म्या म्हणलं, तू हवामान लावून देल्लं."

माधवीच्या तोंडून हसू फुटलं की हुंदका, ते फोनवर समजलं नाही. "ते हवामान नाही, बाबा. डब्बी सांगून राहिली, मी तापली म्हणून. तापली की ती काम हळू करते, अन् मंग अडकते. व्हिडिओ चांगला हाये. जरा टीव्हीच्या मागं हात घालून पाहा बरं, कशाखाली दबली का."

पंजाबरावांनी फोन सुरूच ठेवून खाली टेकवला, टीव्ही थोडा पुढे ओढला, मागे हात घातला. बोटांना लोकर लागली.

टोपडं होतं ते. पिवळ्या लोकरीचं, विणलेलं, लहान मुलाचं. डब्बीवर घट्ट बसवलेलं, आणि त्याच्या दोन नाड्या डब्बीच्या खाली नीट, सुटू नये अशा, गाठ मारून बांधलेल्या. टोपडं ओळखायला पंजाबरावांना वेळ लागला नाही. शहात्तरच्या हिवाळ्यात माधवी झाली तेव्हा सत्यभामेनेच ते विणलं होतं. ते कॅसेटच्याच पेटीत होतं.

त्यांच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. एवढ्या दिवसांच्या मोडलेल्या झोपा, आजचे ते फोड, कौशल्याबाईपुढे गेलेली लाज, सगळं एकदम वर आलं. टोपडं ओढून काढून ते बायकोवर ओरडले. "काहून केलं हे? आं? काहून? जीव खाल्ला तुनं माहा! पाय भाजले, मुहूर्त टयला, मुहूर्त टयला, अन् टायणारी तूच!"

सत्यभामाबाई पाटावरच मागे सरकल्या. ओल्या पायांचे ठसे फरशीवर उमटले.

"लेकराले ताप होता, भाऊ," त्या भीत भीत म्हणाल्या. "अंग कढत लागलं. म्हणून कान बांधले. उघडं ठेवू नाही."

पंजाबराव तिथेच फरशीवर बसले. डब्बी हाताला कढत लागत होती, खरंच तापल्या लेकरासारखी. हिने कधीतरी धूळ पुसायला मागे हात घातला असेल. हाताला ऊब लागली असेल. बारकासा जीव, अंधारात एकटा, एक हिरवा दिवा लुकलुकतोय. नवरा विसरली, स्वतःला विसरली, पण तापल्या पोराचे कान बांधायचे हे विसरली नाही. आणि कान बांधले म्हणून ते आणखी तापलं. आपण ओरडलो कुणावर, या विचाराने पंजाबरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोनमधून माधवीचा आवाज आला. तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "शनिवारी येते मी."

"गाडी घेऊन?"

"आता काही सांगत नाही. येते."

दुसरा दिवस उजाडला तोच दमलेला. सत्यभामाबाईंना पाय टेकवत नव्हते, कशाने दुखतात ते आठवत नव्हतं, त्यामुळे दर वेळी नवंच दुखणं झाल्यासारख्या त्या कळवळायच्या. पट्ट्या बदलण्यात, समजूत घालण्यात एक वाजला. त्यांना भरवून झालं. पंजाबरावांचं स्वतःचं ताट ओट्यावर झाकलेलं राहिलं, पोळ्या, वरण आणि वांग्याची भाजी. त्यांना भूक होती, पण बसायचीही ताकद नव्हती.

तरी त्यांनी डब्बी टीव्हीच्या मागून काढली आणि पुढे, स्टुलावर, उघडी ठेवली. सत्यभामाबाईंनी तिच्यावर हात ठेवला.

"अंग गरम हाये याचं."

"हाव. डाक्टरनं सांगतलं, कान नको बांधू."

"मंग ओली पट्टी ठेवतो."

"पट्टी नको!" पंजाबरावांनी झडप घालून डब्बी उचलली. मग आवाज उतरवून म्हणाले, "पट्टी नको. वारा घाल. वाऱ्यानं उतरते ताप." त्यांनी कोनाड्यातला बांबूचा विंझणा काढून बायकोच्या हातात दिला.

लग्न सुरू झालं. सत्यभामाबाई एका हाताने डब्बीला वारा घालत होत्या आणि डोळे टीव्हीवर लावून होत्या. पंजाबराव आज आत गेले नाहीत. दाराला टेकून उभे राहिले, गेटच्या बाजूने. हळद झाली. वरात आली. सीमांतपूजन झालं. चाळीस मिनिटं होत आली, तसे ते कोपऱ्याकडे पाहायला लागले. थर्मामीटर नव्हतं. अंतरपाट धरला गेला. भटजींचा आवाज आणि तोंड बरोबर चाललं होतं. एक मंगलाष्टक झालं, दुसरं झालं, आणि मग अंतरपाट खाली आला. अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजली. मांडवातली हिरव्या शालूतली बाई डोळ्यांना पदर लावत होती, आणि स्टुलापाशी बसलेली बाईही.

"लागलं बाई लग्न," सत्यभामाबाई म्हणाल्या.

पंजाबराव जरा बसावं म्हणत होते, तेवढ्यात टीव्हीवर पंगत बसली. लांबच लांब पंगत, पत्रावळींची रांग, आणि तिच्यातून फेटा बांधलेला एक धिप्पाड माणूस नुसता धावत होता. कुणाला बुंदी, कुणाला पाणी. दर चार माणसांमागे हात जोडून म्हणत होता, "सावकाश होऊ द्या जी, सावकाश होऊ द्या." पंचवीस वर्षांपूर्वीचे पंजाबराव ते. एवढा दम आपल्यात होता, हे त्यांनाच खरं वाटेना.

"या माणसानं सकायपासून काई खाल्लं नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"तुले कसं मालूम?"

"पोरीचा बाप हाये ना तो. लग्न लागेलोक पोरीच्या बापाले उपास असते. अन् आता तं वाढून राह्यला. त्याले कोणी पुसलंच नाही."

त्या विंझणा ठेवून उठल्या आणि दुखऱ्या पावलांनी निघाल्या. पंजाबराव गेट अडवायला वळले. पण सत्यभामाबाई गेटकडे गेल्या नाहीत, ओट्याकडे गेल्या. झाकलेलं ताट त्यांनी उचललं, उघडून पाहिलं, मिठाच्या डब्यातून चिमूटभर मीठ काढून ताटात डावीकडे, जिथे वाढतात तिथेच वाढलं. मग ताट आणून टीव्हीसमोर फरशीवर ठेवलं, पाट मांडला, तांब्या ठेवला.

"या जी," त्या टीव्हीला म्हणाल्या. फेटेवाला माणूस बादली घेऊन तसाच पुढे गेला. त्यांनी पंजाबरावांकडे वळून पाहिलं. "भाऊ, त्याले हात धरून आणा. तो असा याचा नाही. त्याचा सोभाव मले मालूम हाये. मेला तरी म्हणन, सगळं बरोबर हाये."

पंजाबराव काही क्षण दारातच उभे राहिले. मग आले आणि पाटावर बसले. हा तो माणूस आहे का, असं सत्यभामाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि समाधान झाल्यासारखी मान हलवली.

शनिवारी माधवी आली की तिला सांगायचं, असं पंजाबरावांनी पहिला घास हातात घेऊनच ठरवलं. सगळं बरोबर नाही म्हणून सांगायचं. मी लय थकलो, पोरी. दुपारची एक बाई पाह्य, कौशल्याबाईले इचार, पण हिले इथून नको हालवू. एवढं सांगायला त्यांना तीन वर्षं लागली होती.

पाठीमागे वाजंत्री वाजत होती. सत्यभामाबाईंनी विंझणा पुन्हा उचलला, डब्बीला हात लावून पाहिला, तिचा ताप उतरलेला दिसला असावा. मग त्या पंजाबरावांसमोर येऊन बसल्या आणि त्यांना वारा घालायला लागल्या.

"सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या.

पंजाबराव सावकाश जेवले.